वार कुणाची?

बाळ रडल्याचं ऐकू आलं तरी जाणत्या बायकांचा जीव खाली पडत नसे. ‘वार पडली का?’ या प्रश्नाचं उत्तर आतून येईपर्यंत त्या उंबरठ्यापाशी थांबून राहत. वार अडकली की बाई रक्त जाऊन दगावते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असे. कित्येक गावांत सुईण वार पडल्याशिवाय नाळ कापत नसे, आणि मग ती वार परसात खोल खड्डा करून, कुत्र्यामांजराने उकरू नये अशी नीट पुरली जाई.

इतकी काळजी ज्या अवयवाची घेतली, त्याच्याबद्दलची एक गोष्ट त्या बायकांना ठाऊक असणं शक्य नव्हतं. आज शिकलेल्या घरांतही ती फारशी कुणाला ठाऊक नाही. वार आईची नसते, बाळाची असते. गर्भाशयाच्या अस्तराचा थोडा भाग तिला चिकटलेला असतो तेवढाच आईचा. बाकी वार त्याच एका फलित पेशीपासून घडते जिच्यापासून बाळ घडतं, म्हणजे तिच्यातली निम्मी जनुकं बापाची असतात. नऊ महिने आईच्या पोटात, आईच्या रक्तावर, बापाकडून निम्म्या सूचना घेऊन आलेला एक अवयव काम करत राहतो.

आपल्याकडे गरोदरपण बिघडलं की बोट कुणाकडे जातं हे सांगायला नको. हिचं अंगच नाजूक, हिने पपई खाल्ली, जिन्यावरून खेपा घातल्या, ग्रहणात विळी हातात धरली. आणि यातलं काहीच नसेल तर ही पांढऱ्या पायाची. आता या यादीत ‘हिचं बीपी’ आणि ‘हिचं टेन्शन’ हे दोन शब्द नव्याने आले आहेत. बोटाची दिशा तीच आहे. गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत जनुकशास्त्राने जे दाखवून दिलं आहे, ते या बोटाला खाली आणायला पुरेसं आहे. मात्र तेच शास्त्र नीट न समजता वापरलं तर त्याच बोटाला नवं बळ मिळेल, याचीही मला तितकीच काळजी वाटते.

वारेवर बापाच्या जनुकांचा किती जोर असतो हे पहिल्यांदा स्वच्छ दिसलं ते एका जुन्या, भीतिदायक आजारात. द्राक्षगर्भ हे त्याचं मराठी नाव. बाईला दिवस जातात, उलट्या प्रचंड होतात, पोट अपेक्षेपेक्षा भराभर वाढतं आणि सोनोग्राफीत बाळच दिसत नाही. दिसतात ते द्राक्षांच्या घोसासारखे फुगे. १९७७ मध्ये काजिई आणि ओहामा या जपानी संशोधकांनी अशा घोसांतली गुणसूत्रं तपासली, तेव्हा संपूर्ण द्राक्षगर्भात आईचं एकही गुणसूत्र सापडलं नाही, दोन्ही संच बापाचे होते. बीजातला आईचा वाटा काही कारणाने नाहीसा झालेला आणि एकट्या बापाच्या सूचनांवर वाढ सुरू झालेली. त्या सूचनांनी बाळ घडलं नाही, वार मात्र अमाप वाढली. सात वर्षांनी, १९८४ मध्ये, केंब्रिजमध्ये अझीम सुरानी यांनी आणि अमेरिकेत मॅकग्रा व सोल्टर यांनी उंदरांवर हाच प्रयोग मुद्दाम करून पाहिला. दोन्ही संच आईचे ठेवले तर गर्भ बऱ्यापैकी आकार घेई पण वार खुरटी राही. दोन्ही बापाचे ठेवले तर वारेच्या ऊती फोफावत आणि गर्भ मागे पडे. एकच जनुक आईकडून आलं तर गप्प बसतं आणि बापाकडून आलं तर बोलतं, किंवा याच्या उलट होतं, असा हा प्रकार आहे.

घाईने निष्कर्ष काढणाऱ्याने इथेच थांबू नये. काही थोड्या बायकांना द्राक्षगर्भ पुन्हा पुन्हा होतो. त्यांतल्या अनेकींमध्ये ‘एनएलआरपी-७’ नावाच्या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या सापडल्या, आणि तो बिघाड आईच्याच बीजाचा असतो. म्हणजे ‘सगळं बापामुळे’ हेही खरं नाही. आईवरचं ओझं उचलून ते जसंच्या तसं बापाच्या डोक्यावर ठेवायचं, असा माझा आग्रह नाही.

द्राक्षगर्भात आणखी एक गोष्ट दडलेली होती. बाळ नसतानाही अशा बायकांचं रक्तदाब वाढण्याचं दुखणं, लघवीतून प्रथिन जाणं, अंगावर सूज येणं हे सगळं लवकर, कधीकधी पाचव्या महिन्याच्या आतच सुरू होई. वार काढून टाकली की ते उतरे. गरोदरपणातल्या ज्या दुखण्याला डॉक्टर प्री-एक्लॅम्पसिया म्हणतात आणि घरातल्या बायका ‘पायावर सूज, मग झटके’ म्हणून ओळखतात, त्याचं मूळ बाळात नसून वारेत आहे, हे यावरून कळून चुकलं. जगभरात शंभरांतल्या दोन ते आठ गरोदर बायकांना हे दुखणं होतं. आजही त्यावर खात्रीचा इलाज एकच आहे, तो म्हणजे बाळंतपण उरकून वार बाहेर काढणं. सातव्या महिन्यात ते करावं लागलं तर बाळ काचेच्या पेटीत जातं, आणि घरी येऊन बाईला ऐकावं लागतं की तिने नीट काळजी घेतली नाही.

नॉर्वेमध्ये १९६७ पासून प्रत्येक जन्माची वैद्यकीय नोंद ठेवली जाते. कोणाचं मूल, आई कोण, बाप कोण, बाळंतपणात काय झालं, हे सगळं त्यात असतं. या नोंदींतून १९९८ मध्ये एक साधा प्रश्न विचारला गेला. एखाद्या पुरुषाच्या एका जोडीदारणीला हे दुखणं झालं असेल आणि पुढे त्याला दुसऱ्या स्त्रीपासून मूल झालं, तर त्या दुसऱ्या स्त्रीचं काय? तिचा धोका जवळजवळ दुप्पट निघाला. बाई बदलली, घर बदललं, खाणंपिणं बदललं. पुरुष तोच राहिला आणि धोका त्याच्यासोबत चालत आला. २००५ मध्ये त्याच नोंदींतून पुढचा धागा हाती आला. ज्या मुली अशा बिघडलेल्या गरोदरपणातून जन्मल्या, त्यांना स्वतःला पुढे हा त्रास होण्याची शक्यता दुपटीहून जास्त होती. हे अपेक्षितच होतं. पण ज्या मुलग्यांचा जन्म अशा गरोदरपणातून झाला, त्यांच्या बायकांनाही धोका दीडपट होता.

हे वाक्य आपल्याकडच्या घरात ठेवून पाहावं. सुनेचं बीपी वाढलंय, सासूबाई दवाखान्याच्या बाकावर शेजारी बसल्या आहेत, आणि विचारण्याजोगी एक मोठी गोष्ट सुनेच्या माहेरी नसून त्या बाकावरच आहे. सासूबाईंना त्यांच्या या मुलाच्या वेळी सूज आली होती का? झटके आले होते का? तो वेळेआधी जन्मला होता का? केसपेपरवर ‘आईला बीपी होतं का, बहिणीला होतं का’ हे विचारलं जातं, आणि ते विचारायलाच हवं. पण नवऱ्याच्या आईबद्दल विचारलं जात असल्याचं मी क्वचितच ऐकलं आहे. तो रकाना नसल्यामुळे न बोलता ठरून जातं की जे काही वाईट आहे ते सुनेच्या माहेरून आलं.

हे बापाकडून येतं ते नेमकं कसं, याचा एक तुकडा आता हाती आहे. २००३ मध्ये बोस्टनमध्ये अनंत करुमांची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की आजारी वार एक प्रथिन गरजेपेक्षा फार जास्त प्रमाणात आईच्या रक्तात सोडते. आईच्या रक्तवाहिन्यांचं अस्तर निरोगी ठेवणारे जे घटक रक्तात फिरत असतात, त्यांना हे प्रथिन पकडून ठेवतं. अस्तर उपाशी राहतं, रक्तवाहिन्या आवळतात, मूत्रपिंडातून प्रथिन गळू लागतं. ते प्रथिन उंदरांच्या शरीरात सोडल्यावर त्यांनाही असाच त्रास झाला. या प्रथिनाची कृती ज्या जनुकात लिहिलेली आहे ते ‘एफएलटी-१’ तेराव्या गुणसूत्रावर असतं. ज्या बाळांमध्ये चुकून तेरावं गुणसूत्र दोनऐवजी तीन वेळा येतं, त्यांच्या आयांना हे दुखणं जास्त होतं, असं डॉक्टरांच्या फार पूर्वीपासून लक्षात आलेलं होतं. मग २०१७ मध्ये बाळांच्या, हो, बाळांच्याच जनुकसंचात शोध घेतला गेला, आणि धोक्याशी जोडलेली पहिली ठाम जागा याच जनुकाच्या शेजारी निघाली. बाळाच्या जनुकातला फरक, आणि आजारी पडते आई.

माझ्या मनात सर्वांत जास्त घर केलं ते केंब्रिजच्या अ‍ॅशली मॉफेट यांच्या कामाने. वारेच्या पेशी गर्भाशयाच्या भिंतीत शिरून आईच्या रक्तवाहिन्या रुंद करतात, म्हणजे बाळाला भरपूर रक्त मिळतं. भिंतीत आईच्या संरक्षक पेशी पहारा देत असतात. पहारेकऱ्यांच्या हाती ‘केआयआर’ नावाच्या जनुकांनी दिलेली ओळखयंत्रणा असते, आणि वारेच्या पेशींवर ‘एचएलए-सी’ नावाची खूण असते. त्यातली एक खूण आईकडून आलेली असते, एक बापाकडून. मॉफेट यांच्या गटाने २००४ मध्ये दाखवलं की आईचा केआयआर संच एका विशिष्ट प्रकारचा असेल आणि बाळाच्या अंगावर खुणेचा दुसरा विशिष्ट प्रकार असेल, तर पहारेकरी वाट पुरेशी मोकळी करत नाहीत आणि धोका वाढतो. यात आईचं जनुक वाईट नाही. तोच संच असलेल्या बायकांची दुसऱ्या जोडीदारापासूनची बाळंतपणं अगदी सुरळीत होऊ शकतात. बापाचं जनुकही वाईट नाही. दोन चांगल्या गोष्टी एकमेकींशेजारी आल्यावर जे घडतं, ते दोघींपैकी एकीच्याही अंगात शोधून सापडणार नाही.

आपल्याला ही भाषा अवघड जाते. आपल्याकडे गुण जुळतात किंवा जुळत नाहीत, आणि जुळले नाहीत तर मोडायचं असतं. म्हणून इथेच स्पष्ट म्हणून ठेवतो: हे संशोधन पत्रिकेची नवी आवृत्ती नाही. या जोडीतून धोका थोडा वाढतो, ठरून जात नाही. तशी जोडी असलेल्या बहुतेक बायका धडधाकट बाळंत होतात. लग्नाआधी केआयआर तपासून सोयरीक ठरवणं हा शुद्ध अडाणीपणा होईल, आणि कुणी तो विकायला आणला तर घेऊ नये.

जीवशास्त्रात या सगळ्याला संघर्षाची भाषा देण्याची रीत आहे. डेव्हिड हेग यांनी १९९३ मध्ये मांडलं की गर्भाला आईकडून जास्तीत जास्त काढून घ्यायचं असतं आणि आईला पुढच्या मुलांसाठीही काही राखायचं असतं. या ओढाताणीतून गरोदरपणातला मधुमेह आणि रक्तदाब यांचा अर्थ लावता येतो. मांडणी बळकट आहे आणि तिच्यातून पुष्कळ काही कळतं. तरीही पोटातल्या मुलाला चोर आणि आईला पहारेकरी करून टाकणारी शब्दकळा जशीच्या तशी घरात आणावी असं मला वाटत नाही. मीही वर पहारा म्हटलं, पण तो वाट अडवण्यापुरता नसतो, वाट दाखवण्यासाठीही असतो. पहारेकरी पेशी वारेला आत येऊ देतात तेव्हाच बाळ वाढतं.

आता उलट्यांकडे येतो, कारण बाईवर अविश्वास दाखवण्याची खरी सवय आपल्याला तिथे लागते. डोहाळे हा आपल्याकडे कौतुकाचा विषय आहे; झोपाळा, फुलांचे दागिने, पाच-सात प्रकारचे भात. पण काही बायकांना घोटभर पाणीही पोटात राहत नाही. वजन पाच-सहा किलो उतरतं, लघवी काळपट होते, सलाइन लावावं लागतं. शंभरांतल्या एकदोन बायकांवर ही पाळी येते. आणि त्यांना काय ऐकायला मिळतं? सगळ्यांनाच होतात, आम्हाला नाही का झाल्या, मनावर घेऊ नकोस, कामाचा कंटाळा आहे, माहेरी जायचंय.

मार्लेना फेझो या अमेरिकेतल्या जनुकशास्त्रज्ञ. १९९९ मध्ये दुसऱ्या खेपेला त्यांना हाच त्रास इतका झाला की हलताही येईना. त्यांच्या डॉक्टरांचं म्हणणं होतं की घरच्यांचं लक्ष वेधून घेण्यासाठी हे चाललं आहे. पंधराव्या आठवड्यात त्यांचं बाळ गेलं. पुढची पंचवीस वर्षं त्यांनी याच एका प्रश्नाला दिली. पैसे मिळत नव्हते, या विषयाला कुणी महत्त्व देत नव्हतं. मग ज्या कंपनीकडे लोक हौसेने आपली लाळ पाठवून पूर्वजांची माहिती मागवत, तिच्या ग्राहकांना गरोदरपणातल्या उलट्यांबद्दल प्रश्न विचारले गेले. पन्नास हजारांहून अधिक बायकांच्या उत्तरांतून २०१८ मध्ये जे जनुक सर्वांत ठळकपणे पुढे आलं त्याचं नाव ‘जीडीएफ-१५’.

या जनुकातून तयार होणारं संप्रेरक मेंदूच्या मागच्या भागातल्या एका ग्राहीला जाऊन भिडतं, आणि मळमळ सुरू होते. गरोदरपणात ते रक्तात खूप वाढतं. २०२३ च्या डिसेंबरात फेझो आणि केंब्रिजचे स्टीफन ओ’राहिली यांच्या गटाने दोन गोष्टी सिद्ध केल्या. एक, आईच्या रक्तातलं हे संप्रेरक बहुतांशी बाळाकडून आणि वारेकडून येतं. दोन, त्रास कुणाला जास्त होतो? जिच्या अंगात गरोदर होण्याआधी हे संप्रेरक कमी होतं तिला. तिचं शरीर त्याला सरावलेलं नसतं, आणि अचानक पूर यावा तसं ते येतं. या जनुकात एक दुर्मीळ बदल असतो, त्यामुळे आईच्या स्वतःच्या शरीरात ते कमी तयार होतं. अशा बायकांना तीव्र उलट्यांचा धोका दहापटीहून जास्त असतो. आणि त्याच आईच्या पोटातल्या बाळानेही तोच बदल घेतलेला असेल तर? तर बाळही कमी सोडतं, आणि आईचा धोका तितका वाढत नाही. पुन्हा तेच झालं. एकट्या आईकडे पाहून उत्तर मिळत नाही, एकट्या बाळाकडे पाहूनही नाही.

याचा पडताळा एका अनपेक्षित ठिकाणाहून आला. थॅलेसेमिया असलेल्या माणसांच्या रक्तात जीडीएफ-१५ जन्मभर जास्त असतं. श्रीलंकेतल्या अशा बायकांना विचारलं तेव्हा कळलं की गरोदरपणात मळमळ-उलट्यांचा त्रास त्यांना फारच कमी झाला होता. आपल्याकडे उल्हासनगरमध्ये आणि पिंपरीत राहणाऱ्या सिंधी कुटुंबांना थॅलेसेमिया हा शब्द नवा नाही. ज्या आजाराने त्यांना रक्ताच्या पिशव्यांमागे पळायला लावलं, त्याच आजाराने जगभरच्या बायकांना त्यांच्या उलट्यांचं कारण सांगितलं. सरावाने त्रास कमी होतो हे उंदरांमध्ये दिसल्यावर, गरोदर होण्याआधीच हे संप्रेरक हळूहळू वाढवता येईल का, याचा शोध आता सुरू आहे. सख्ख्या बहिणींपैकी एकीला तीव्र त्रास झाला असेल तर दुसरीचा धोका सतरापट असतो, हे २०११ पासून नोंदलेलं आहे. ‘हिच्या घरात सगळ्या अशाच नाटकी’ असं म्हणणाऱ्यांनी अर्धी गोष्ट बरोबर पाहिली होती: हे घराण्यात होतं.

जनुकांचं ज्ञान दोष न देता बायकांच्या कामी येऊ शकतं, याचं उदाहरण प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी आहे. आरएच निगेटिव्ह आई आणि आरएच पॉझिटिव्ह बाप. बापाकडून आलेल्या खुणेविरुद्ध आईचं रक्त सज्ज होतं आणि पुढची बाळं पोटातच रक्त फुटून जातात. कितीतरी बायकांची पहिली खेप नीट आणि पुढच्या सगळ्या वाया, असं होत असे. त्यांना काय काय म्हटलं गेलं असेल याची कल्पना करवत नाही. १९४० च्या सुमाराला कारण कळलं, १९६८ मध्ये अँटी-डीचं इंजेक्शन आलं. आज कुणीही नवऱ्याचा ब्लड ग्रुप विचारतं, निगेटिव्ह असणं हा सुनेचा दोष आहे असं कुणी म्हणत नाही, इंजेक्शन चुकलं तर उलट डॉक्टरला जाब विचारतात. एका पिढीच्या आत बाई दोषी राहिली नाही, कारण कारणासोबत उपाय आला आणि दोघांचं रक्त एकत्र पाहायची पद्धत पडली.

सिकलसेलच्या बाबतीत तसं घडलेलं नाही, आणि हे दुःख आपल्या अगदी जवळचं आहे. नंदुरबार, मेळघाट, चंद्रपूर, गडचिरोली, नागपूर या पट्ट्यात ‘एएस’ आणि ‘एसएस’ ही अक्षरं शाळकरी मुलांनाही ठाऊक असतात. हिमोग्लोबिनच्या जनुकातला एक छोटासा बदल, सहाव्या जागी एका कणाऐवजी दुसरा. एक प्रत आली तर एएस, माणूस निरोगी, शिवाय मलेरियापासून थोडं संरक्षण. याच कारणाने जंगलाच्या पट्ट्यात हे जनुक टिकून राहिलं. दोन्ही प्रती आल्या तर एसएस, आणि मग रक्तपेशी विळ्यासारख्या वाकून बारीक वाहिन्यांत अडकतात. दोघेही एएस असतील तर प्रत्येक खेपेला चारांत एक शक्यता एसएसची. एकट्या आईकडून एसएस होऊच शकत नाही. तरीही सिकलसेलचं लाल-पिवळं कार्ड हातात असलेल्या मुलीची सोयरीक मोडते. मुलाच्या कार्डाची चौकशी त्या मानाने कमी होते.

एसएस बाई गरोदर राहते तेव्हा तिचं रक्त आणखी उतरतं, सांधे आणि छाती असह्य दुखते, फुप्फुसात पेशी अडकून श्वास कोंडतो, बीपी वाढतं, बाळ वेळेआधी येतं. निरोगी बाईच्या तुलनेत तिच्या मृत्यूची शक्यता चार ते अकरा पट असल्याचं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आणि या बायकांच्या गरोदरपणाबद्दलची पहिली जागतिक मार्गदर्शक सूचना या संघटनेने काढली ती २०२५ मध्ये. भारतात हे जनुक निलगिरीच्या डोंगरात सापडलं १९५२ मध्ये. मधल्या सात दशकांत किती एसएस मुली बाळंतपणात गेल्या, याची मोजदाद कुणी ठेवली? १ जुलै २०२३ रोजी शहडोलमध्ये राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, सात कोटी लोकांच्या तपासणीचं उद्दिष्ट ठेवलं गेलं. मला ती मोहीम हवी आहे. पण कार्ड वाटून काम संपत नाही. वारंवार रक्त चढवलेल्या बाईला लोहाच्या गोळ्या सरसकट देता येत नाहीत, तिला फॉलिक अ‍ॅसिड जास्त लागतं, हायड्रॉक्सीयुरिया हे नेहमीचं औषध गरोदरपणात चालू ठेवायचं की थांबवायचं हे जाणत्याने ठरवावं लागतं. धडगाव किंवा भामरागडमध्ये हे ठरवणारा माणूस नववा महिना लागायच्या आत भेटला पाहिजे. जे ज्ञान आधी लग्न मोडण्याच्या कामी येतं आणि बाळंतपणाच्या वेळी हजर नसतं, त्याला अजून आरोग्यसेवा म्हणता येत नाही.

या विषयाला बाजाराची एक बाजू आहे आणि ती मला अस्वस्थ करते. गर्भ पडलेल्या बायकांना जनुकांच्या महागड्या तपासण्या सांगितल्या जातात. ‘एमटीएचएफआर’ हे त्यातलं सर्वांत खपणारं नाव. या जनुकातले साधे फरक इतके सर्वसाधारण आहेत की ते पुष्कळ निरोगी आयांमध्येही सापडतात, आणि वारंवार गर्भपाताच्या तपासणीत ही चाचणी करू नये असं अमेरिकेतल्या वैद्यकीय जनुकशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्येच सांगितलं. तरी रिपोर्ट येतो, त्यात ‘दोष’ छापलेला असतो, आणि एक बाई जन्मभर ते अक्षर छातीशी धरून बसते. पहिल्या तीन महिन्यांत पडणाऱ्या गर्भांपैकी जवळजवळ निम्म्यांमध्ये गुणसूत्रांची संख्याच चुकलेली असते. बहुतेक वेळा ती चूक त्या एका बीजापुरती घडलेली असते. त्यात पपई नसते, जिना नसतो, ग्रहण नसतं. हे वाक्य गर्भ पडलेल्या प्रत्येक बाईला तिच्या डॉक्टरांनी, खुर्ची जवळ ओढून, सांगितलं पाहिजे. त्याला पैसे पडत नाहीत.

दुसरी अडचण अशी की यातलं बरंच ज्ञान आपल्या बायकांच्या रक्तावरून आलेलं नाही. वेळेआधी होणाऱ्या बाळंतपणाची जनुकं शोधणारा २०१७ मधला मोठा अभ्यास ४३,५६८ बायकांचा होता. त्या सगळ्या युरोपीय वंशाच्या. युगांडातल्या बायकांचे केआयआर तपासले तेव्हा धोक्याची जोडी तीच निघाली, पण वाचवणारं जनुक युरोपातलं नव्हतं, वेगळंच होतं. आफ्रिकी वंशात निद्रारोगापासून वाचवणारा ‘एपीओएल-१’ जनुकातला बदल बाळात दोन्हीकडून आला तर आईचा रक्तदाब बिघडू शकतो, हे युरोपात शोधून कधीच सापडलं नसतं. गुरुग्रामच्या सरकारी रुग्णालयात २०१५ पासून हजारो गरोदर बायकांची पहिल्या महिन्यांपासून नोंद ठेवून असा अभ्यास सुरू आहे. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून गरोदर बायकांचा आणि त्यांच्या मुलांचा जो पाठपुरावा केला, त्यातून आपली बाळं वजनाने कमी पण अंगात चरबी जास्त घेऊन येतात हे जगाला कळलं. असं काम गडचिरोलीच्या माडिया बायकांसोबत, साताऱ्याच्या ऊसतोड बायकांसोबत व्हायला हवं, आणि त्यात नवऱ्यांचंही रक्त घेतलं जायला हवं.

कुणी म्हणेल, जनुकं बदलता येत नाहीत, मग हे जाणून काय करायचं? उत्तर अगदी साध्या वस्तूंत आहे. धोका जास्त असलेल्या बायकांना बाराव्या आठवड्याच्या आसपासपासून रोज रात्री १५० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन दिली तर वेळेआधी येणारा प्री-एक्लॅम्पसिया ६२ टक्क्यांनी कमी झाला, हे २०१७ मधल्या चाचणीत दिसलं. ही गोळी कुठल्याही औषधाच्या दुकानात काही पैशांना मिळते, पण ती कुणाला द्यायची हे डॉक्टरने चौथा महिना उलटायच्या आत ठरवायला हवं; नंतर फारसा उपयोग नाही. मॅग्नेशियम सल्फेट झटके निम्म्याहून कमी करतं, हे ३३ देशांतल्या दहा हजार बायकांवर २००२ मध्ये सिद्ध झालं. महाराष्ट्रात २०१८ ते २०२० या काळात एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ आया दगावल्या. देशात हा आकडा ९७ होता. आकडा इथवर आला ती घट जनुकांच्या चाचणीने झाली नाही. ती आशाताईंच्या फेऱ्यांनी झाली, बीपीच्या यंत्राने झाली, रात्री अपरात्री धावणाऱ्या गाडीने झाली. राहिलेल्या तेहतिसांपैकी काहींना वाचवायचं असेल तर कुणाकडे जास्त लवकर आणि जास्त वेळा जायचं हे कळलं पाहिजे, आणि त्यासाठी पहिली तपासणी प्रयोगशाळेत होत नाही, विचारपुशीत होते.

म्हणून माझी मागणी लहान आहे. माता-बाल संरक्षण कार्डावर, दवाखान्याच्या केसपेपरवर आणखी चार ओळी छापाव्यात. नवऱ्याच्या जन्माच्या वेळी त्याच्या आईला बीपी, सूज किंवा झटके होते का. तो वेळेआधी किंवा कमी वजनाचा जन्मला होता का. त्याला आधीच्या लग्नाचं मूल असेल तर त्या बाळंतपणात काय झालं होतं. त्याचं सिकलसेलचं आणि थॅलेसेमियाचं कार्ड कुठे आहे. पहिल्या भेटीला नवऱ्याने सोबत यावं, आणि या ओळी नर्सबाईंनी त्याच्याकडून भरून घ्याव्यात. त्याला माहीत नसेल तर त्याने तिथूनच आईला फोन लावावा. पुष्कळ आया कधी कुणी न विचारलेलं सांगतील: सातव्या महिन्यात बांगड्या कापाव्या लागल्या होत्या, डोळ्यांपुढे काजवे यायचे, हा झाला तेव्हा सव्वा किलोचा होता, कापसात गुंडाळून ठेवला होता. त्या जेव्हा हे सोसत होत्या तेव्हा त्यांनाही कुणीतरी पांढऱ्या पायाची म्हटलं होतं.